हुकमाचे ताबेदार

‘आम्ही पडलो हुकमाचे ताबेदार’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांतून इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात दिलगिरी किती आणि जबाबदारीचा राजीनामा किती, याची शहानिशा करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतील न्यू हेवन येथे १९६१ साली स्टॅन्ली मिल्ग्रम या तरुण मानसशास्त्रज्ञाने ती केली. तो ज्यू कुटुंबातला. आणि ज्यूंच्या संहाराची व्यवस्था पाहणाऱ्या आइकमन या नाझी अंमलदारावर त्याच वर्षी जेरुसलेममध्ये खटला चालू होता, ज्यात आपण केवळ वरिष्ठांचे हुकूम पाळले, असा त्या आरोपीचा बचाव होता.

स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसे हवीत, अशी जाहिरात मिल्ग्रमने दिली. मोबदला चार डॉलर, शिवाय गाडीभाड्याचे ५० सेंट. आणि ही रक्कम केवळ येण्याबद्दलची असून पुढे काहीही घडले तरी ती परत घेतली जाणार नाही, असे आरंभीच सांगितले जाई. अशा रीतीने येल विद्यापीठात आलेल्या टपाल कारकून, शिक्षक, विक्रेते, इंजिनियर, मजूर अशा नाना व्यवसायांच्या गृहस्थांपुढे दोन चिठ्ठ्या धरल्या जात. त्या दोन्हींवर ‘शिक्षक’ असेच लिहिलेले असे, हे मात्र त्यांना ठाऊक नसे. ‘विद्यार्थी’ म्हणून शेजारच्या खोलीत खुर्चीला जखडलेला सौम्य चेहऱ्याचा मध्यमवयीन इसम कटात सामील होता. त्याच्या प्रत्येक चुकीला विजेचा धक्का द्यायचा आणि प्रत्येक वेळी तो १५ व्होल्टने वाढवायचा. यंत्रावर खटके ३०, शेवटचा ४५० व्होल्टचा. ‘शिक्षका’ला नमुन्यादाखल दिलेला ४५ व्होल्टचा धक्का तेवढा खरा होता, बाकी सारे नाटक.

इतके पुढे कोण जाईल, असे मानसोपचारतज्ज्ञांना विचारले असता त्यांचा अंदाज हजारात एखादा असा पडला. प्रत्यक्षात ३०० व्होल्टला ‘विद्यार्थी’ भिंत बडवत असल्याचा आवाज ऐकू येऊन, आणि थोड्याच वेळात तोही थांबून पलीकडे भयाण शांतता पसरल्यावरसुद्धा, ४० पैकी २६ जणांनी शेवटचा खटका दाबला. मात्र ही माणसे क्रूर होती, असे म्हणवत नाही. त्यांना घाम फुटला, ती थरथरली, काहींना अनावर हसू येऊ लागले. हात मात्र थांबला नाही. पुढे प्रयोगाचे अनेक प्रकार करण्यात आले. हुकूम देणारा प्रयोगकर्ता खोलीबाहेर जाऊन दूरध्वनीवरून बोलू लागला, तेव्हा शेवटापर्यंत जाणारे जेमतेम पंचमांश उरले, आणि काहींनी तर धक्का वाढवल्याचे कळवून सर्वांत हलकाच खटका दाबला. (ही युक्ती कोणत्याही कचेरीतील जुन्या कारकुनास शिकवावी लागणार नाही!) दुसऱ्या एका प्रकारात सोबतच्या दोन ‘शिक्षकां’नी उघड नकार दिल्यावर मात्र ४० पैकी चारच टिकले.

डायना बॉमरिंड या विदुषीने १९६४ साली हरकत घेतली ती याच घामाबद्दल: विश्वासाने दारी आलेल्या माणसाला फसवून असा मनस्ताप देण्याचा अधिकार संशोधकाला दिला कोणी? मिल्ग्रमने प्रश्नावलीचा दाखला दिला, की उत्तर देणाऱ्यांपैकी ८४ टक्क्यांनी सहभागाबद्दल समाधान कळवले होते. मला हा पुरावा लंगडा वाटतो. कारण ज्यांना त्या विद्यापीठाच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणता आले नाही, त्यांनी त्याच विद्यापीठाच्या कागदावर ‘नाही’ लिहावे, ही अपेक्षाच मुळी भाबडी. शिवाय कित्येकांना संपूर्ण खुलासा मिळाला तो काही महिन्यांनी, टपालाने.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. कचरणाऱ्या माणसाला पुढे ढकलण्यासाठी चार ठरावीक वाक्ये होती: पहिले आर्जवाचे, मधली दोन प्रयोगाच्या निकडीची, आणि चौथे, तुम्हाला दुसरा मार्ग नाही, असे निखालस फर्मान. जेरी बर्गर या मानसशास्त्रज्ञाने याच धर्तीवर करून २००९ साली प्रसिद्ध केलेल्या, १५० व्होल्टलाच थांबवलेल्या प्रयोगात हे चौथे वाक्य ज्यांच्या वाट्यास आले, त्यांतील एकानेही ते मानले नाही. म्हणजे उघड हुकूम लोक झुगारतात. शास्त्राची गरज म्हणून सांगितलेले काम मात्र करून टाकतात.

मिल्ग्रमला तर कोणाचेच फर्मान नव्हते. हसतमुखाने आत आलेला एक प्रतिष्ठित व्यापारी वीस मिनिटांत चाचरू लागला आणि पार खचून गेला, याचे तपशीलवार वर्णन १९६३ च्या निबंधात आले आहे. असे प्रसंग एकतर्फी दिसणाऱ्या काचेआडून पाहिले जात, टिपून घेतले जात. आणि प्रयोग १९६२ च्या मे महिन्यापर्यंत चालू राहिले.