तारेवरचा कावळा आणि डब्यावरचा मुलगा

वर्ध्याहून नागपुरास जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदी (रेल्वे) हें स्थानक लागतें. तेथील रुळांवरून जी विजेची तार जाते तिचा दाब २५,००० व्होल्ट, म्हणजे आपल्या घरांतील दाबाच्या शंभरपटीहून अधिक आहे. त्या तारेवर कावळा खुशाल बसतो व उडून जातो. परंतु उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढलेला मुलगा तारेस हात न लावतांच प्राणास मुकूं शकतो. दोघांच्या दैवांत हा भेद कां, हें घरांतील सर्वांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

विजेच्या या दाबास शास्त्रीय भाषेंत विभव म्हणतात. त्याची कल्पना येण्यास उंचीचें उदाहरण पुरें आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. पण म्हणून तेथें आपल्या अंगणांत बसलेला गृहस्थ खालीं कोसळत नाहीं. कोसळतो तो कड्याच्या कांठावर पाय घसरलेला. विजेचेंहि तसेंच आहे. दोन जागांच्या विभवांत फरक असेल तरच मधून प्रवाह वाहतो. या फरकास विभवांतर म्हणतात. आणि दर सेंटिमीटरास विभव किती उतरतें, त्यावरून विद्युत्क्षेत्राची तीव्रता ठरते. विभवांतर तेंच राहून अंतर घटलें, कीं उताराचा कडा होतो.

कावळ्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन-चार बोटांच्या अंतरांत असतात. त्याचें सारें अंग तारेच्याच विभवास आलेलें असल्यामुळें एका पायांतून दुसऱ्या पायांत वीज जाण्यास कारणच उरत नाहीं. त्याचा पंख जमिनीशीं जोडलेल्या लोखंडी खांबास लागला, तर मात्र तोहि गतप्राण होतो. मुलगा उभा असतो लोखंडी डब्यावर. डबा चाकांवर, चाकें रुळांवर आणि रूळ जमिनीशीं जोडलेले. म्हणून त्याच्या देहाचें विभव जवळजवळ शून्य. त्याचीं बोटें तारेपासून १० सेंटिमीटरांवर आलीं, कीं दर सेंटिमीटरास सरासरी २,५०० व्होल्टांचा उतार पडतो. कोरडी हवा सेंटिमीटरास सुमारें ३०,००० व्होल्टांपर्यंत टिकते खरी. पण टोंकदार वस्तूभोंवतीं क्षेत्र एकवटतें, आणि बोट हें एक टोंकच आहे. अंतर आणखी घटतांच हवेचा बांध फुटतो व स्पर्शापूर्वींच ठिणगी देहांतून जमिनीकडे धांवते. म्हणूनच तारेपासून निदान २ मीटर दूर राहण्याचा रेल्वेचा नियम आहे.

हेंच तत्त्व शेतांतहि लागू पडतें. वीज झाडावर पडली, कीं तिचा प्रवाह जमिनींत चोहोंकडे पसरतो. बुंध्याशीं विभव फार मोठें, आणि दूर जावें तसतसें तें उतरत जातें. अशा वेळीं दोन पावलांखालच्या जमिनींतच विभवांतर उत्पन्न होतें. बैलाचे पुढचे व मागचे पाय बरेच दूर असल्यानें त्याच्या वांट्यास तें अधिक येतें, आणि प्रवाहाची वाट छातींतून जाते. झाडाखालीं बांधलेलीं गुरें पुष्कळदां याच कारणानें दगावतात. मेघ गर्जूं लागतांच मनुष्यानें पक्कें घर गांठावें. तें जवळ नसेल तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवें बसावें. आडवें मात्र पडूं नये.

सिंदीस तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी मिरविणाऱ्या मुलांस विभवाची व्याख्या पुढें शाळेंत पाठ होईलच. वडीलधाऱ्यांनीं त्यांस इतकें मात्र आजच सांगावें, कीं तार दुरून पाहावी, गाडीच्या टपावर कधींहि चढूं नये, आणि कावळ्याचें पाहून धीट होऊं नये.