सेल्फ जड फिरतो, म्हणजे बॅटरीच गेली?

करूळ घाट चढून कोल्हापूरकडे निघायचं आणि वैभववाडीत पहाटे ट्रकचा सेल्फ घर्र... घर्र करत जड फिरतो. निदान लगेच होतं: बॅटऱ्या गेल्या. नवी जोडी येते, काही दिवस गाडी बरी चालते आणि पुन्हा तेच. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्याला हा खर्च फार जड जातो. तो पुष्कळदा टाळता येतो, म्हणून हे सविस्तर सांगायचं.

‘हेडलाइट लख्ख आहेत, म्हणजे करंट भरपूर आहे,’ असं पुष्कळजण म्हणतात. पण 24 व्होल्टच्या गाडीचे दोन हेडलाइट मिळून सहा-सात अँपिअर खातात, तर सेल्फ काहीशे अँपिअर ओढतो. दिव्यांवरून ना बॅटरीची परीक्षा होते, ना केबलची.

‘मीटर 24 दाखवतो, म्हणजे बॅटरी फुल’ हाही गैरसमज. रात्रभर उभ्या गाडीच्या भरलेल्या जोडीवर सव्वापंचवीस-साडेपंचवीस व्होल्ट हवेत. 24 म्हणजे ती बरीच उतरलेली आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. एक 12.6 आणि दुसरी 12.1 निघाली, तर टेपसाठी किंवा सजावटीच्या दिव्यांसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर काढली आहे का ते आधी पाहा. ती बॅटरी रोज जास्त उतरते, चार्जिंग मात्र दोघींना सारखंच मिळतं. मग एक अर्धपोटी राहते आणि दुसरी उकळते. अशा वेळी एकच नवी बसवली, तर जुनी तिलाही ओढून खाली आणते. वायर काढून 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावावा. उतरलेल्या बॅटरीत ॲसिड ओतून ती उठत नाही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं आणि बाहेर काढून सावकाश चार्ज करायची.

थंडीलाही उगाच दोष दिला जातो. लडाखात ते खरं. आपल्याकडे उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो आणि पावसाळा तिचे जोड. देवगड-मालवणच्या खाऱ्या हवेत माल उतरवणाऱ्या गाड्यांच्या केबलचे लग आतून हिरवे पडतात आणि वरून टेप गुंडाळलेली असल्यानं दिसत नाहीत. जोडात ओहमचा दोनशेवा भाग एवढाच अडथळा आला, तरी 400 अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच जिरतात. म्हणजे 800 वॉटची उष्णता. सेल्फ मारल्यावर एखादा लग हाताला गरम लागला, तर चोर तिथेच आहे.

पक्की खात्री मल्टिमीटरनं होते. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी आणि इंजिन सुरू होणार नाही अशी डिझेल बंद करायची सोय. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लस खांबावर ठेवा. क्लॅम्पवर नव्हे, खांबाच्या शिशावर. दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. कुणालातरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. एक व्होल्टहून अधिक आकडा आला, तर त्या वाटेत अडथळा आहे. मग मायनस खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यात तसंच मोजा. ही अर्थची बाजू बहुतेकजण तपासतच नाहीत, आणि चासी ते इंजिन जाणारी पट्टी तिथेच गंजून बसलेली असते. जोड उघडताना मायनस आधी काढायचा, बसवताना शेवटी. धातू चमकेपर्यंत घासा, आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा.

‘उतारावर लावली की झालं’ ही सवय मात्र जिवावरची आहे. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं, कॉम्प्रेसर हवा भरत नाही, ब्रेक दाबाल तसा प्रेशर उतरत जातो. घाटाच्या तोंडाशी भरलेली गाडी अशी सोडू नका. मिनिटभर सेल्फ मारत राहणंही नको. दहा-पंधरा सेकंद, मग दोन मिनिटं विश्रांती, नाहीतर आतली वाइंडिंग जळते.

बॅटऱ्या भरलेल्या, दोन्ही बाजूंचे आकडे ठीक आणि तरी सेल्फ जडच, तर तो उतरवून कार्बन, बुश आणि सोलेनॉइडचे काँटॅक्ट बघायचे. इंजिन गरम असतानाच अडत असेल तर बुशवर पहिला संशय. आणि फिरता फिरता एका जागी ठक्क करून थांबत असेल, शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं आणि आणखी एका झटक्यात कनेक्टिंग रॉड वाकेल.