बदललेला डीव्हीडी ड्राइव्ह चालत नाही? आधी बायॉसमध्ये बघा

मागच्या पावसाळ्यात कामणला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. टेबलावर २००६ सालच्या सुमाराचा डेस्कटॉप झाकण काढून ठेवलेला. काकूंच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी बघायच्या होत्या. त्या घरातले आजोबा आता नाहीत आणि त्यांचं हलतं-बोलतं चित्रण फक्त त्या तीन चकत्यांवर आहे. जुन्या ड्राइव्हचा ट्रे उघडेना, म्हणून धाकट्याने लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला ड्राइव्ह आणून बसवला. त्यानंतर तर कॉम्प्युटर सुरूच होईना. "हार्डडिस्क उडाली, फॉरमॅट मारा," असा सल्लाही कुणीतरी देऊन गेलं होतं.

कामण रोडहून वसईची गाडी पकडायची, मग ग्रँट रोड. दिवा–वसई मार्गावर गाड्या मोजक्याच, म्हणजे ड्राइव्ह परत करायला जाण्यात अख्खा दिवस जातो. म्हणून ड्राइव्ह खराब ठरवण्याआधी घरीच दहा मिनिटं द्यावीत. प्रश्न एकच विचारायचा: ड्राइव्ह बायॉसमध्ये दिसतो का?

बायॉस म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी मदरबोर्ड जे स्वतः चालवतो ते. बटण दाबल्याबरोबर डिलीट किंवा एफ२ दाबत राहिलं की त्याचा पडदा उघडतो. तिथे हार्डडिस्कसोबत डीव्हीडी ड्राइव्हचं नाव दिसायला हवं. दिसत नसेल तर गडबड वायरींत, जंपरमध्ये किंवा खुद्द ड्राइव्हमध्ये आहे. अशा वेळी विंडोज कितीदाही नव्याने टाका, काही उपयोग नाही. नाव दिसत असेल तर मात्र बहुतेकदा दोष विंडोजमध्ये असतो आणि ड्राइव्ह परत करायची घाई नको.

नाव दिसतच नाही

आधी प्लग भिंतीतून काढा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. ट्रे उघडत असेल तर ड्राइव्हला वीज मिळते आहे. उघडत नसेल तर एसएमपीएसमधून येणारी दुसरी वायर लावून पाहा. आत डिस्क अडकली असेल तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप घाला, पण कॉम्प्युटर बंद असतानाच.

आता केबल. रुंद पट्ट्यासारखी असेल तर तो आयडीई ड्राइव्ह आणि अरुंद, सात टोकांची असेल तर साटा. २००५-०६ च्या आसपासच्या अनेक मशीनमध्ये दोन्ही सापडतात. आयडीईच्या एका पट्ट्यावर दोन उपकरणं बसतात आणि त्यातलं एक मास्टर, एक स्लेव्ह असावं लागतं. हे ठरवतो ड्राइव्हच्या मागचा चिमुकला जंपर. त्याच्याजवळ एमए, एसएल, सीएस अशी अक्षरं कोरलेली असतात. कामणच्या घरी नेमकं इथेच फसलं होतं. हार्डडिस्क मास्टर होती, जुना ड्राइव्ह स्लेव्ह होता आणि वापरलेला ड्राइव्ह मास्टरवर लावून आलेला. एका पट्ट्यावर दोन मास्टर झाले की कधी नवा ड्राइव्ह दिसत नाही, तर कधी हार्डडिस्कच गायब होते. डेटा जागच्या जागी असतो. चिमट्याने जंपर एसएलवर सरकवला आणि विंडोज मुकाट सुरू झाली. फॉरमॅट मारला असता तर त्या डिस्कवरची सगळी माहिती विनाकारण गेली असती.

पट्टा उलटा तर बसला नाही ना, तेही बघा. त्याची लाल कड ड्राइव्हच्या वीजजोडणीच्या बाजूला यायला हवी.

साटा ड्राइव्हला जंपरची भानगड नसते. पण जुन्या एसएमपीएसला साटाची वीजजोडणी नसते आणि मग चार पिनांचा अडॅप्टर लागतो. त्यातले साच्यात ओतलेले स्वस्त अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं आहेत. वायरी वेगवेगळ्या दिसतात असा घ्या. बायॉसमध्ये ते साटा पोर्ट बंद ठेवलेलं नाही ना, हेही पाहा.

बायॉसमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही

बूट होणारी एखादी सीडी घालून सुरू करून बघा. त्यावरून कॉम्प्युटर चालू झाला तर ड्राइव्ह ठणठणीत आहे. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर राइट-क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

पिवळं चिन्ह आणि कोड १९ किंवा ३९ दिसत राहिला, तर बहुतेकदा कधीकाळी टाकलेल्या सीडी बर्निंगच्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत मागे ठेवलेले अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स आडवे येत असतात. ते सीडी-रॉमच्या क्लासमधून काढायचे. त्या क्लासच्या लांबलचक नावाची सुरुवात ४डी३६ई९६५ अशी आहे. शेवटचा आकडा दोनदा वाचा. ५ ऐवजी ७ असलेला क्लास हार्डडिस्कचा आहे आणि तिथलं अपरफिल्टर्स काढलंत तर विंडोज सुरू होणार नाही. आधी त्या भागाची एक्स्पोर्ट करून प्रत ठेवा. हे वाचूनच धाकधूक होत असेल तर जाणत्याला बोलवा.

सीडी चालते, डीव्हीडी नाही

हे ऐकून लोक चक्रावतात, पण कारण साधं आहे. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरने वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. एक लेझर थकला तरी दुसरा काम करतो. वापरलेल्या ड्राइव्हमध्ये हे सर्रास आढळतं आणि तेव्हा मात्र ग्रँट रोडची फेरी चुकत नाही. खरं सांगायचं तर दोन-चार डिस्कच बघायच्या असतील तर कुणाचा तरी यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणणं सोपं. तो मागच्या यूएसबी पोर्टला लावा. पुढच्या पोर्टांना कधी कधी वीज कमी पडते.

डिस्क उघडली की आधी कॉपी करा, बघणं नंतर. व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमधल्या फायली हार्डडिस्कवर घ्या आणि तिथून पेनड्राइव्हवर. त्या व्हीएलसीत चालतात.

कामणच्या दोन डीव्हीडी सुरळीत उतरल्या. तिसरी शेवटाकडे अडली. साधारण एका थराची डीव्हीडी मधून कडेकडे लिहिली जाते, म्हणून चित्रणाचा शेवट बाहेरच्या कडेला असतो, आणि बोटांचे डाग पडतात ते तिथेच. मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत पुसली. गोल फिरवून पुसलं तर चरा लेझरच्या वाटेवरच पडतो. तिसऱ्या प्रयत्नाला वरातीची शेवटची काही मिनिटं सोडून सगळं आलं. आजोबा दुसऱ्या डीव्हीडीत होते.