मुलांच्या कादंबऱ्या मोठेपणी वाचताना

शेतकऱ्याच्या घरात पुस्तकांना दोनच जागा असतात. एक देव्हाऱ्याजवळची, तेथे पोथी राहते. दुसरी पोरांच्या दप्तरातली, तेथे शाळेची पुस्तके राहतात. गोष्टीच्या पुस्तकाला तिसरी जागा बहुतेक घरांत नसतेच. पोरगे कादंबरी घेऊन बसलेले दिसले की कोणीतरी हमखास म्हणते, "दुसरे काम नाही का रे? जा, म्हशीला पाणी दाखवून ये."

म्हशीला पाणी दाखवायलाच हवे, त्यात वाद नाही. पण पाणी दाखवून आल्यावर त्या पोराने वाचावे, आणि जमल्यास त्याच्या आईबापानेही ते पुस्तक वाचावे, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

आमचे घर सोलापूर जिल्ह्यातले. कोरडवाहू जास्त, बागायत थोडी. घरात सासूबाई, आम्ही दोघे, नववीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी. दोन हिवाळे झाले, रात्रीची जेवणे उरकली, भांडी पालथी पडली की मोबाइल कोनाड्यात ठेवून आम्ही एक पुस्तक घेऊन बसतो. मी वाचते, बाकीचे ऐकतात. सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण सर्वांत बारकाईने त्याच ऐकतात. पुस्तके बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठीची किंवा त्या वयाच्या मुलांविषयीची. काही मी शाळेत असताना वाचलेली, काही अगदी नवी. ती वाचताना आमच्या घरात काय काय झाले, ते सांगते.

पाडसाची बाजू की मक्याची?

सुरुवात 'पाडस'ने केली. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९३८ साली निघाली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली आहे की, ती परक्या मुलुखातली आहे हे चार पानांनंतर ध्यानातही राहत नाही. फ्लॉरिडाच्या रानात दीडशे वर्षांपूर्वी राहणारे एक कुटुंब. आई, बाप आणि ज्योडी नावाचा एकुलता एक मुलगा. बापाला साप डसतो. विष उतरवण्यासाठी तो समोरची हरिणी मारून तिचे काळीज जखमेवर लावतो. मागे राहिलेले पाडस ज्योडी घरी आणून पोसतो. पाडस मोठे होते आणि शेतातला कोवळा मका खाऊन टाकते. पोरगा पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो. हरीण त्यावरूनही उडी मारते. अखेर आजारी बापाला ते हरीण मारायला सांगावे लागते.

शाळेत असताना हे पुस्तक वाचून मी उशी भिजेपर्यंत रडले होते. ज्योडीच्या आईचा तर मला भारी राग आला होता. आता शेत कसणारी बाई म्हणून वाचताना माझे डोळे भलतीकडेच जात राहिले. त्या बाईच्या दारात विहीर नाही. दूरच्या खळग्यातल्या पाण्यावर ती संसार चालवते. नवरा वर्षानुवर्षे विहीर पाडायचे म्हणतो आणि हाती आलेला पैसा दुसऱ्याच कामाला लागतो. तिची कितीतरी मुले तान्हेपणीच गेलेली आहेत. ज्योडी तेवढा जगला. अशा बाईच्या तोंडात गोडवा कोठून यायचा? लहानपणी ही पाने मी उलटून पुढे गेले असेन. आता ती मला थांबवत होती.

पुस्तक संपले त्या रात्री घरात दोन तट पडले. मुलगी म्हणाली, "पाडसाला काय ठाऊक मका कोणाचा ते?" मुलगा म्हणाला, "कुंपण आणखी उंच करायचे होते." आमच्या शिवारात हरणांचे कळप आणि रानडुकरे येतात. ज्वारी-हरभऱ्याच्या दिवसांत यांना महिना महिना राखणीला जावे लागते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत किती रान लोळवतो, हे मुलांनी पाहिलेले आहे. त्यामुळे मला वाटले, हे मक्याची बाजू घेतील. थोडा वेळ गप्प राहून हे म्हणाले, "त्या बापाला मी नाव ठेवणार नाही. वर्षाचे खाणे गेले तर माणसे जगायची कशी? पण पोराच्या हातात बंदूक द्यायला नको होती."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिली गोळी आईनेच घातली ना? पोराच्या हातून व्हायला नको, म्हणून घातली असेल. तिला नीट जमले नाही, ही तिची फुटकी कपाळी."

हे मला कधी सुचले नव्हते. पुस्तकात बाप आईला ते काम सांगतो, ती गोळी झाडते, हरीण नुसते जखमी होते आणि पुढचे ज्योडीला करावे लागते. पण आईच्या मनात काय असेल, हे निरक्षर म्हातारीने ओळखले. तिने जन्मभर गुरे पाळली आहेत आणि भाकड जनावर दावणीतून सोडतानाचे दुःखही पाहिले आहे.

कर्जाची गोष्ट

त्यानंतर 'श्यामची आई' काढले. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात ते ठाऊक नाही असे घर सापडणार नाही. त्यावरून आचार्य अत्र्यांनी काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले.

खरे सांगायचे तर आमच्या मुलाला ते सुरुवातीला जड गेले. "श्याम फार रडतो," असे त्याने दोनदा बोलून दाखवले. मी त्याला दटावले नाही. पुस्तक थोर असले तरी आवडलेच पाहिजे अशी सक्ती केली की मूल पुढचे पुस्तक हातातच धरत नाही.

पण सावकाराचा माणूस वसुलीला घरी येतो आणि आईला नाही नाही ते ऐकावे लागते, तो भाग आला तेव्हा तोच मुलगा सरसावून बसला. लहानपणी मला या पुस्तकातली आईची माया आणि शिकवण तेवढी लक्षात राहिली होती. या खेपेला मला त्यात एका खोताच्या घराची उतरती कळा दिसली. जमीन, दागिने, अब्रू एकामागून एक कशी जाते, आणि घरची बाई ते सगळे कसे अंगावर घेते, याची ती गोष्ट आहे. मुलांना उपदेशाचे पुस्तक म्हणून आपण ते देतो. शेतकऱ्याने ते कर्जाचे पुस्तक म्हणूनही एकदा वाचावे.

वाचन थांबल्यावर मुलीने विचारले, "बाबा, आपल्यावर कर्ज आहे का?"

आजवर हा विषय मुलांपुढे कधी निघाला नव्हता. मला वाटले, हे विषय बदलतील. पण हे उठले, ट्रंकेतली वही काढली आणि दोघांना जवळ बसवून सांगितले की सोसायटीचे पीककर्ज इतके, बी-खताच्या दुकानाची उधारी इतकी, आणि ऊस गेल्यावर त्यातले इतके फिटेल. मुलीने बोटांवर हिशेब केला. मुलाने विचारले, "आणि ऊस कमी भरला तर?" यांनी त्याचेही उत्तर दिले. त्या रात्रीपासून मुलाने नव्या बुटांचा हट्ट सोडला. तो सोडावा म्हणून आम्ही काही बोललो नव्हतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बापाच्या कपाळाला आठी पडली की पूर्वी पोरे लांब पळत, आता जवळ येऊन विचारतात.

फुरसुंगीचा पोरगा

सगळी पुस्तके रडवणारी असून चालत नाहीत. म्हणून मध्येच 'फास्टर फेणे' आणला. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. अंगाने काटकुळा, डोक्याने तल्लख, सायकलवर बसला की वाऱ्यासारखा जाणारा. संकट दिसले की पळून न जाता त्यात उडी घेणारा.

शाळेत असताना मला त्याची धाडसे आवडत. आता एक निराळीच गोष्ट नजरेत भरली. हा मुलगा शहरात शिकायला गेला, पण आपण फुरसुंगीचे आहोत हे सांगायला कधी लाजत नाही. आपली पोरे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शाळेत गेली की गावाचे नाव सांगताना आवाज खाली घेतात. त्यांना हा दोस्त जरूर भेटवावा. आमच्या सासूबाई तर या पुस्तकाला इतक्या हसल्या की यांना राखणीवरून परत आल्यावर सगळी गोष्ट पुन्हा सांगावी लागली. २०१७ साली त्यावर चित्रपटही निघाला, पण पुस्तकातली सायकल काही औरच.

नववीतले मन

मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ साली आली. आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुकुंदाची ही गोष्ट. त्याला वर्गातली शिरोडकर आवडते. बोलायचे असते, बोलता येत नाही. पुढे ती ते गाव सोडून जाते. एवढेच. पण त्या एवढ्यातच चौदा वर्षांच्या मुलाचे सगळे मन उलगडते.

आमच्याच मुलाने हे पुस्तक कोणाकडून तरी आणले होते आणि भूगोलाच्या पुस्तकाआड धरून तो वाचत होता. खेड्यात अशा विषयावर आईने मुलाशी बोलायची रीत नाही. मी काहीच बोलले नाही. तो शाळेत गेल्यावर दोन दुपारी बसून स्वतः वाचून काढले. काही ठिकाणी पोरांच्या तोंडची भाषा रांगडी आहे. सातवीतल्या मुलीला मी ते इतक्यात देणार नाही. पण पुस्तक वाईट चालीचे नाही. त्यात नरूमामा म्हणून मुकुंदाचा एक मामा आहे. मुकुंदा त्याच्याशी मनातले बोलू शकतो. वाचताना सारखे वाटत होते, आपल्या मुलाला असा कोण आहे?

पुस्तक मी पुन्हा होते तेथे ठेवले आणि संध्याकाळी भाकरी थापताना एवढेच म्हटले, "तो नरूमामा मला आवडला." मुलाचे कान लाल झाले. पण थोड्या वेळाने तो चुलीपाशी येऊन बसला आणि वर्गातल्या गमती सांगू लागला. ज्याचे नाव घ्यायचे ते त्याने घेतले नाही, मीही विचारले नाही. हल्ली मुले-मुली एकमेकांचे नाव निघाले की घरात मारझोड होते, मुलीची शाळा सुटते, कोवळ्या वयात लग्न उरकले जाते. एखादे पुस्तक मध्ये ठेवून चार शब्द बोलता आले तर कितीतरी घरांतला पुढचा अनर्थ टळेल.

पाण्याखाली गेलेले गाव

अलीकडच्या पुस्तकांत ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा' मनात घर करून बसली. तिला २०१७ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे. धरणामुळे सुटणारे गाव मुलाच्या नजरेतून तिच्यात दिसते. झाडे, गुरे, सवंगडी, पायवाटा सगळे डोळ्यांसमोर असते, आणि ते जाणार आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते.

सासूबाईंचे माहेर उजनीच्या पाण्यात गेले. १९८० साली धरण पुरे झाले, त्याच्या आधीच माणसे हलली. त्यांनी त्याविषयी मुलांना कधी काही सांगितले नव्हते. हे पुस्तक चालू असताना तिसऱ्या रात्री त्यांनी मला हाताने थांबवले आणि स्वतः बोलायला लागल्या. घर कोठे होते, खळे कोठे, विहिरीवर कोणाकोणाच्या मोटा चालत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, तसे एकेक वर येत गेले. मुलगा ते वहीत उतरवत होता. त्याने आजीकडून वाड्या-वस्त्यांचा कच्चा नकाशाही काढून घेतला. त्या पाण्यावरच आमचा थोडाफार ऊस उभा आहे. ज्यांचे गेले आणि ज्यांना मिळाले ती माणसे एकाच घरात राहतात, हे माझ्या मुलांना त्या रात्री कळले. शाळेच्या पुस्तकात धरणाची उंची असते, ही गोष्ट नसते.

पुस्तके आणायची कोठून?

विकत घ्यायलाच हवीत असे नाही. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याखाली गावोगावी अनुदान मिळणारी वाचनालये आहेत. आपल्या किंवा शेजारच्या गावात असेल तर वर्गणी भरून सभासद व्हा आणि पुस्तके नावानिशी मागा. कोणी मागितलीच नाहीत तर ती आणणार कोण? शाळेच्या कपाटातही चांगली पुस्तके कुलपात असतात, पालकांनी सभेत त्यांची चौकशी करावी. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, तेही मुलांच्या हाती द्यावे. सातारा जिल्ह्यातल्या स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या भिलार गावात तर २०१७ पासून घराघरांत पुस्तके मांडली आहेत. महाबळेश्वरला कधी जाणे झाले तर मुलांना तेथे तासभर बसू द्यावे.

वाचताना दोन पथ्ये आम्ही पाळतो. रोज अर्ध्या तासाच्या वर वाचायचे नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलेच आठवण करतात. आणि गोष्ट संपल्यावर "यातून काय शिकलात?" असे विचारायचे नाही. पेरलेले उगवले का, हे पाहण्यासाठी कोणी रोज माती उकरत नाही.

ज्वारी अजून निसवायची आहे. काढणीची घाई सुरू व्हायला बराच अवकाश आहे. तेवढ्या रात्रींत एक कादंबरी सहज पुरी होते.