उंदराच्या पोटातली खूण

उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं विष बाहेर टाकायची ही वाट त्याला बंद आहे. त्यामुळे वनस्पतीचा अर्क एकदा आत गेला की तो पुरता निभावून न्यावा लागतो. अर्क किती विषारी आहे हे तपासायला रात्रभर उपाशी ठेवलेल्या पांढऱ्या उंदराच्या घशातून बोथट टोकाची सुई थेट जठरात उतरवतात. वजनाच्या किलोमागे 2000 मिलिग्रॅम ही नेहमीची वरची मात्रा, म्हणजे 200 ग्रॅमच्या उंदराला 400 मिलिग्रॅम. मग पहिले चार तास डोळ्यांत तेल घालून पाहायचं: लाळ गळतेय? अंग थरथरतंय? चाल अडखळतेय? पुढे 14 दिवस रोजची नोंद, आणि शेवटी शवविच्छेदन.

1927 मध्ये ट्रेव्हन या संशोधकानं निम्मे प्राणी दगावतील ती मात्रा मोजायची पद्धत आणली. त्यात फार जीव जात. आता चाचणीच्या एका टप्प्याला तीन माद्या पुरतात, आणि हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

पण 14 दिवस उंदीर ठणठणीत राहिला म्हणून अर्क निर्धोक ठरत नाही. अॅरिस्टोलोकिया या वेलींचंच पाहा. आपल्याकडची सापसण याच वंशातली. युरोपात त्या शतकानुशतकं औषधात होत्या. जर्मन संशोधकांनी त्यांच्यातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल उंदरांना तीन महिने रोज दिलं, तेव्हा जठराच्या पुढच्या कप्प्यात कर्करोगाच्या गाठी आल्या. पश्चिम जर्मनीनं 1981 मध्ये ती औषधं बाजारातून काढली.

माणसाच्या जठराला तो कप्पाच नसतो, मग उंदराचं आपल्याला काय, असं कुणालाही वाटेल. पण 1990 नंतर ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत दुसऱ्या चिनी वनस्पतीऐवजी चुकून अॅरिस्टोलोकिया गेली. शंभराहून जास्त जणांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं बाधित झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

हे आम्ल शरीरात बदलून डीएनएतल्या अॅडेनीन या घटकाला घट्ट चिकटतं. पेशी डीएनएची नक्कल करताना तिथं अडखळते आणि अॅडेनीनच्या जागी थायमीन बसवते. उंदराची गाठ जठरात, माणसाची मूत्रमार्गात. अवयव वेगळे, जनुकंही वेगळी. पण तपासलं तेव्हा दोन्हीकडे हीच अदलाबदल सापडली.