काल्हेर : ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं शहर

ठाण्यातला बाळकूम नाका सोडून कशेळीच्या पुलावर आलं, की खाली उल्हासची खाडी लागते. पूल उतरला की भिवंडी तालुका. आधी कशेळी, मग काल्हेर, पुढे पूर्णा, राहनाळ आणि अंजूरफाटा. काल्हेरच्या रस्त्याला लागून इमारती, दुकानं, दवाखाने, शाळा. आत वळलं की गोदामांच्या रांगा. इथली असंख्य माणसं रोज सकाळी ठाण्याकडे कामाला जातात आणि रात्री परततात. त्यांचं जगणं पूर्णपणे शहरी आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा, आणि तिच्या वर भिवंडी पंचायत समिती व ठाणे जिल्हा परिषद. शहराचा भार गावाच्या यंत्रणेने उचलायचा, हे काल्हेरच्या रोजच्या अडचणींचं खरं मूळ आहे.

खाडी, भात आणि रेती

हा सगळा पट्टा आगरी-कोळी वस्तीचा. भरतीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवायचं, पावसाचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीत सोडायचं आणि मधल्या खार जमिनीत भात घ्यायचं, ही इथली पिढीजात शेती. भाताला जोड खाडीची : चिंबोरी, निवटी, बोईट, कोलंबी. बांध फुटला तर एकाचं नव्हे, साऱ्यांचं शेत नासायचं. म्हणून बांधावर सगळं गाव उतरायचं. लग्नघरात धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीतं, गाते, ती परंपराही याच समाजाची. शेजारच्या अंजूर गावच्या गंगाजी नाईकांचं नाव मराठ्यांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेशी जोडलेलं आहे. या मातीला इतिहास आहे, हे नव्याने राहायला आलेल्यांनी जरूर जाणून घ्यावं.

खाडीने रेतीही दिली. ठाण्या-मुंबईच्या बांधकामांना ती हवी होती. पुढे सक्शन पंपांनी बेकायदा उपसा सुरू झाला. महसूल खातं अधूनमधून बोटी आणि पंप जप्त करतं, तरी उपसा पुरता थांबलेला नाही. तळ खरवडला की काठ ढासळतो, गाळातली मासळी जाते आणि छोट्या होडीवर पोट असलेला कोळी पहिला उपाशी राहतो.

गोदामं इथेच का?

मुंबईत शिरणाऱ्या मालावर जकात होती. भिवंडी तालुका जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईपासून फार दूर नाही. नाशिककडे जाणारा महामार्ग जवळ आणि न्हावाशेवाचं बंदरही आवाक्यात. माल इथे उतरवायचा आणि मागणीप्रमाणे थोडा थोडा मुंबईत न्यायचा, हा व्यवहार व्यापाऱ्यांना परवडला. भाताच्या खाचरांवर गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत. राज्याराज्यांतले छोटे साठे एकत्र करून मोठं गोदाम ठेवणं कंपन्यांना सोयीचं झालं. घरपोच माल देणाऱ्या कंपन्या आल्या तशी मागणी आणखी वाढली.

यातून हमाल, वाहनचालक, पॅकिंग करणाऱ्या बाया अशा अनेकांना काम मिळालं; जमीनमालकाला भाडं मिळालं. सोबत धोकेही आले. रसायनं साठवलेल्या गाळ्यांना तालुक्यात वारंवार आगी लागल्या. २९ एप्रिल २०२३ रोजी जवळच्या वळपाड्यात खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडं असलेली इमारत कोसळून माणसं मेली. असं बांधकाम कुठेही होऊ देता कामा नये.

घर घेताना

ठाण्यात घर परवडत नाही, म्हणून नोकरदार कुटुंबं पुलापलीकडे येतात. या भागातल्या अधिसूचित गावांसाठी २००७पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए, हे विशेष नियोजन प्राधिकरण आहे. म्हणून बांधकामाची परवानगी कुणाची आहे, हे आधी पाहावं. ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा हा घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. त्याने इमारत अधिकृत ठरत नाही. सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि महारेराचा नोंदणी क्रमांक पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

पाणी, कचरा, रस्ता

मुंबईला पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या भिवंडी तालुक्यातूनच जातात. तालुक्यातल्या अनेक गावांना मात्र शहाडजवळ उल्हासमधून पाणी उचलणाऱ्या स्टेम कंपनीच्या वाट्यावर अवलंबून राहावं लागतं. इमारती वाढतात तसा दर घरामागचा वाटा घटतो. मग टँकर येतो आणि पगारातला एक हिस्सा पाण्यावर जातो.

कचऱ्याचंही तसंच. महापालिकेकडे घनकचऱ्याचं स्वतंत्र खातं असतं. ग्रामपंचायतीकडे मोजके कामगार आणि गाड्या. कायद्याने ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त १७ सदस्य असू शकतात, गाव कितीही फुगलं तरी. शेवटची जनगणना २०११ची, आणि लोकसंख्येवर ठरणाऱ्या निधीचं गणित त्याच आकड्यांवर बेतलेलं. त्यानंतर आलेली हजारो माणसं पाणी वापरतात, कचरा करतात. निधीच्या हिशोबात मात्र ती नाहीत.

रस्त्यावर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब उभे राहिले. या मार्गाचं भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झालं आणि काल्हेर हे त्यातलं एक स्थानक आहे. गोदामांचे कंटेनर, रिक्षा, शाळेच्या बस आणि बांधकाम एकाच रस्त्यावर आल्याने अंतर थोडं आणि वेळ फार, हा रोजचा अनुभव झाला. मेट्रोने प्रवास सुकर होईल. पण स्थानकापर्यंतचा पदपथ, गटारं आणि गल्ल्या कुणी करायच्या, हे आताच ठरवायला हवं.

ग्रामसभेचा हक्क

या अडचणींवर दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली सरकारने करायची. काल्हेर आणि लगतच्या गावांच्या आजच्या लोकसंख्येला पुरेसं पाणी, अग्निशमन केंद्र आणि कचऱ्याची व्यवस्था एकत्रितपणे मिळाली पाहिजे. खाडीकाठच्या मूळ रहिवाशांच्या गावठाणाला आणि उपजीविकेला त्यात संरक्षण हवं.

दुसरी गोष्ट रहिवाशांच्या हातात आहे. महापालिकेच्या नागरिकाला नाही असा एक हक्क काल्हेरकरांना आहे : ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे तिचे रूढ दिवस. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी संख्या पुरते. तिथे जमाखर्च विचारता येतो, कामांचा प्राधान्यक्रम ठरवता येतो, ठराव लिहून घेता येतो. पण ग्रामसभेचा सदस्य गावच्या मतदारयादीतलाच माणूस असतो. इथे घर घेऊनही ज्यांचं नाव अजून ठाण्यात, मुंबईत किंवा मूळ गावी आहे, त्यांना तिथे मत नाही.

म्हणून काल्हेरमध्ये राहायला आलेल्या प्रत्येक कुटुंबाला विनंती : नाव इथल्या यादीत आणा, घरपट्टी वेळेवर भरा आणि येत्या २६ जानेवारीला सोसायटीतल्या चार जणांना घेऊन ग्रामसभेला जा. जुने गावकरी तिथे असतीलच. एकेकाळी बांध राखायला सगळं गाव एकत्र यायचं; आज पाणी, रस्ता आणि खाडी राखायला जुन्या-नव्या काल्हेरकरांनी एका सभेत बसणं तितकंच गरजेचं आहे.