दहा हजार तिकिटं, चार जुळी जोड्या: बग की गणित?

मध्यंतरी ऑफिसमध्ये टेस्टिंगसाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. जर्मनीच्या लोट्टोसारखं, 1 ते 49 मधले सहा आकडे रँडम उचलायचे, क्रम कुठलाही चालेल. अशी 10,000 तिकिटं काढली, तर चार जोड्या सेम टू सेम! सीनियर म्हणाला, "अरे, तुझा रँडम गंडलाय. एकूण कॉम्बिनेशन्स 1,39,83,816. तुझी तिकिटं फक्त दहा हजार. रिपीट होईलच कसं?"

खरं सांगतो, मलाही पटलं. रात्री साडेदहापर्यंत कोड उकरत बसलो. बग सापडलाच नाही, कारण तो नव्हताच.

झालं असं की आम्ही दोघं तिकिटं मोजत होतो, आणि मोजायच्या होत्या जोड्या. गल्लीतली क्रिकेट टुर्नामेंट आठवा. प्रत्येक टीम प्रत्येकीशी खेळणार असेल तर 10 टीमच्या 45 मॅच होतात. टीम 20 केल्या की मॅच 90 नाही, थेट 190! तिकिटांचंही तेच. प्रत्येक तिकीट बाकी प्रत्येकाशी जुळू शकतं. 10,000 तिकिटांच्या जोड्या होतात जवळपास 5 कोटी, आणि एक जोडी जुळायची शक्यता साधारण 1 कोटी 40 लाखांत एक. करा भागाकार: सरासरी साडेतीन जुळ्या जोड्या. मला मिळाल्या चार. म्हणजे स्क्रिप्ट अगदी शहाण्यासारखी वागत होती! उलट एकही जोडी न जुळण्याची शक्यता होती जेमतेम 3 टक्के. शंका यायची तर तेव्हा यायला हवी होती. (आणि तीनशे जुळल्या असत्या, तर मात्र सीनियरच बरोबर.)

निम्मी शक्यता गाठायला तर साधारण 4,400 तिकिटं पुरतात.

हे फक्त स्क्रिप्टमध्ये होतं असंही नाही. जर्मनीत 21 जून 1995 ला जे सहा आकडे निघाले, तेच 20 डिसेंबर 1986 लाही निघाले होते. लोकांना धक्काच बसला. पण तोवर 3,016 सोडती झाल्या होत्या, म्हणजे साडेपंचेचाळीस लाख जोड्या. त्यात कुठेतरी रिपीट येण्याची शक्यता जवळपास 28 टक्के! पावसाचा असा अंदाज असेल तर आपण छत्री घ्यायची की नाही यावर वाद घालतो, "अशक्य" कोणी म्हणत नाही.

आपल्याकडच्या कागदी लॉटरीत सिरीज आणि नंबर आधीच छापलेला असतो, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. लोट्टोत मात्र दोघांचे आकडे सारखे असू शकतात, आणि लागले तर मोठं बक्षीस वाटून घ्यावं लागतं.

त्या रात्री घाबरून मी "डुप्लिकेट आलं की टाकून दे" अशी एक ओळ कोडमध्ये घातली होती. सकाळी चहाच्या आधी ती काढली, आणि सीनियरला 5 कोटींचा हिशोब व्हॉट्सअ‍ॅप केला. ब्लू टिक आली. रिप्लाय अजून नाही.